म्हसोबा नकाशावर कुठे सापडतो? उजनीत बुडालेल्या एका गावठाणाचा शोध

गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या काठावरचं. गावाचं, आळ्यांचं आणि माणसांचं खरं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. आमच्या हातून झालेल्या चुका मात्र झाकलेल्या नाहीत, कारण हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं ते त्यांच्यामुळेच.

पार्श्वभूमी

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. या गावाचं जुनं गावठाण नदीच्या अंगाला होतं, ते पाण्यात गेलं. लोक वर माळावरच्या नव्या गावठाणात आले. नव्या गावठाणाला सरळ रस्ते आहेत, एकसारखे प्लॉट आहेत. जुन्या गावाच्या आळ्या तेवढ्या नावापुरत्या सोबत आल्या.

उजनीचा हिशेब तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेलं’ अशी बातमी येते, आणि तरी समोर पाणी दिसतच असतं. मायनस फार खोल गेलं की जुन्या घरांची जोती, विहिरींचे कठडे, देवळांची शिखरं वर येतात. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ असं वर आलं की ते बघायला लांबून माणसं येतात. आमच्या गावात बघायला यावं असं काही नाही. गाळातून डोकावणारी जोती, एक बारव आणि दगडांचे ढीग, एवढंच.

गाव सोडताना लोकांनी दारं, खांब, तुळया काढून आणल्या, तसा म्हसोबाचा शेंदरी धोंडाही उचलून आणला. तो आता काठावर आहे. पण चैत्रातल्या यात्रेत पालखीचा पहिला थांबा म्हसोबाच्या ‘मूळ जागी’, असा रिवाज. एरवी काठावरूनच पाण्याकडे तोंड करून नारळ फुटतो. धरण खोल मायनसमध्ये गेलेल्या वर्षी मात्र लोक गाळ तुडवत आत जातात. आणि तिथे भांडण होतं. मूळ जागा म्हणून वरची आळी एक ढीग दाखवते, खालची आळी दुसरा. दोन्ही ढिगांत अंतर साधारण १२० मीटर.

नेमकी अडचण

ग्रामपंचायतीने समाजमंदिराच्या भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा रंगवायचं ठरवलं. काम आलं जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींकडे. त्यांनी पोरांना घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे धाडलं आणि आठवणीतले बरेच नकाशे गोळा केले. एकाचं दुसऱ्याशी जमेना. वेस, पार, चावडी, बारव यांचा क्रम बहुतेकांचा सारखा होता. म्हसोबा मात्र सांगणाऱ्याच्या आळीप्रमाणे जागा बदलत होता.

गुरुजी माझे कॉलेजचे मित्र. मी पुण्यात जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे जुळवण्याचं काम करतो. ते म्हणाले, ‘तुझ्याकडे जुने नकाशे असतात ना? एकदा काय ते दाखव, म्हणजे वाद मिटेल.’ मी हो म्हटलं. ‘वाद मिटेल’ हा भाग मी तेव्हाच खोडून काढायला हवा होता.

समोरचे पर्याय

पहिला विचार भूमी अभिलेखच्या गाव नकाशाचा. त्यावर शेतांच्या हद्दी असतात, नंबर असतात, ओढे आणि वाटाही असतात. पण गावठाण म्हणजे मधला एक कोरा तुकडा. शेतसारा शेतावर असतो, घरावर नाही, तेव्हा गावठाणाच्या आत मोजणीदाराने कशाला जावं? मुंबई इलाख्याची नवी जमीनमोजणी १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी याच इंदापूर तालुक्यातून सुरू केली. ज्या तालुक्यातून अख्ख्या इलाख्याला शेत मोजायची पद्धत मिळाली, तिथल्या गावठाणांचा आतला नकाशा नसावा याची मला गंमत वाटली. गुरुजींना वाटली नाही, त्यांना भिंत रंगवायची होती.

दुसरा पर्याय सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटचा, म्हणजे उंचसखलपणा, वाटा, वस्त्या दाखवणाऱ्या नकाशाचा. तालुक्याचा हा भाग ४७ क्रमांकाच्या शीटमध्ये येतो. तिचे अंशाएवढे सोळा तुकडे, त्यातला एक ४७ जे. त्याचे पुन्हा सोळा तुकडे, त्यातली एक शीट आमची. इंग्रजी अमदानीतली एक इंचाला एक मैल प्रमाणाची शीट एका कॉलेजच्या भूगोल विभागात, कापडावर चिकटवलेली, घडीवर झिजलेली मिळाली. तिच्यावर घरं लाल, पाणी निळं, उंचीच्या रेषा तपकिरी आणि ५० फुटांच्या अंतराने.

अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यात आख्खं गाव म्हणजे एक टिंब. १९७२ नंतरच्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाची चित्रं धरणाच्या आधीची खरी, पण त्यांचा एक ठिपका सुमारे ८० मीटरचा. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं १९९५ साली खुली झाली आणि ती बरीच बारीक आहेत. त्यांचा मार्ग आम्ही ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवला.

धरणाच्या भूसंपादनाचे निवाडे हा आणखी एक पर्याय. निवृत्त तलाठ्यांनी तो पहिल्याच बैठकीत सुचवला होता. ‘घर, विहीर, झाड, सगळ्याची किंमत लावलेली असती त्यात,’ असं ते म्हणाले. पण अर्ज करा, वाट बघा, दप्तरात सापडेल तेव्हा सापडेल. रंगीत टोपोशीट हातात असताना त्या कागदांची ओढ कुणाला वाटणार? निवाडे मागे पडले.

टोपोशीट वाचताना

पहिली चूक अगदी साधी. शीटच्या तळाशी छपाईचं साल मोठ्या अक्षरात होतं, तेच आम्ही नकाशाचं साल धरलं. प्रत्यक्ष सर्वेक्षण कोणत्या हंगामात झालं ते बारीक अक्षरात, कोपऱ्यात. दोन्हींत दहाएक वर्षांचा फरक होता. ‘या साली शाळा होती, मग नकाशावर का नाही?’ यावर एका आजोबांशी अर्धा तास हुज्जत झाली. आजोबा बरोबर होते.

नावांची गंमत वेगळी. सगळी नावं रोमन लिपीत, त्यामुळे ल की ळ, ड की र, त की ट हे आपणच ठरवायचं. एका ओढ्याचं नाव आम्ही मोठ्याने वाचलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो शब्द तसा उच्चारायचा नसतो.

उंचीच्या रेषांनी मात्र मोलाचं काम केलं. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे १६३० फूट. मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, म्हणजे सुमारे १६११ फूट. जुनं गावठाण शीटवर १६०० फुटांच्या रेषेला चिकटून आहे. ती झाली सुमारे ४८७.७ मीटर. धरण नुसतं मायनसमध्ये जाऊन भागत नाही, पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली आणखी तीन मीटरहून जास्त उतरावं लागतं, तेव्हा कुठे गावठाण उघडं पडतं. ‘मायनस वीस टक्क्यांना गाव का दिसत नाही?’ हा पोरांचा जुना प्रश्न अशा रीतीने सुटला.

आणि गावठाणाच्या बाहेर, ओढ्यालगत, देवळाची एक बारीकशी खूण होती. बैठकीत सगळ्यांची बोटं तिथेच गेली. म्हसोबा!

पहिला निर्णय: नकाशा जागेवर बसवणे

स्कॅन केलेल्या शीटच्या चार कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले की नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर बसतो. मी रात्री बसून ते केलं. देवळाची खूण बरोबर खालच्या आळीच्या ढिगावर पडली. इतकी बरोबर, की मला शंका यायला हवी होती. मी स्क्रीनशॉट गुरुजींना पाठवला. त्यांनी तो लग्नांत ड्रोन उडवणाऱ्या त्यांच्या भाच्याला दाखवला. सकाळपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर होता. दुपारी खालच्या आळीतल्या एका पोराचं स्टेटस: ‘ब्रिटिशांनी पण मान्य केलं.’

जुन्या टोपोशीट पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या एव्हरेस्ट या लंबगोलावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या आरंभबिंदूवर आधारलेल्या आहेत. मोबाईल आणि उपग्रह चित्रं डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या पायावर, म्हणजे डेटमवर चालतात. एकाच जागेचे आकडे दोन्हींत वेगळे येतात. आमच्या भागात तो फरक वायव्य-आग्नेय दिशेला साधारण १४५ मीटरचा भरतो. हे मला माहीत होतं. रोजच्या कामात मी ही दुरुस्ती न चुकता करतो. त्या रात्री घाईत केली नाही.

दुरुस्ती केल्यावर खूण वायव्येकडे सरकली आणि वरच्या आळीच्या ढिगाच्याही पलीकडे पंचवीसेक मीटरवर गेली. आता वरच्या आळीचं स्टेटस.

पाण्याबाहेर राहिलेल्या सात जागांवर, म्हणजे टेकडीवरचा त्रिकोणमितीचा बिंदू, न बुडालेल्या शेजारगावांचे रस्त्यांचे फाटे वगैरे, शीट पडताळून पाहिली तेव्हा चूक ४० मीटरच्या आसपास राहिली. एवढ्या जुन्या, घडी पडलेल्या कापडी शीटसाठी ती वाईट नाही. पण हिशेब करून पाहा: या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर. दोन ढिगांमधलं अंतर शीटवर दोन मिलिमीटरही भरत नाही. नुसती देवळाची खूणच त्याहून मोठी छापलेली होती.

दुसऱ्या बैठकीत मी हे सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, ‘म्हणजे पहिला फोटो चुकीचा व्हता?’ हो म्हणालो. ‘मग दुसरा बरोबर कशावरनं?’ याचं उत्तर लांबलचक होतं आणि ते देताना माझं मलाच पटेना.

आजींचा प्रश्न

वाद रंगात असताना भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी बोलल्या. ऐंशीच्या पुढच्या. लग्न होऊन जुन्या गावात आलेल्या.

‘आरं लेकरांनो, म्हसोबाला देऊळ कुटं आसतंय? उघड्यावरचा द्येव त्यो. शेंदूर लावल्याला धोंडा. सायबाला दिसला आसंल तरी त्यो कागदावर कशाला काढील?’

बैठक गप्प झाली. देवळाची खूण म्हसोबाची नव्हतीच. आजींच्या म्हणण्याप्रमाणे ओढ्याकडेला कुणा बाबाची समाधी होती, वर घुमटीसारखं बांधकाम. ती खूण तिचीच असणार. दोन आठवडे आम्ही नको त्या खुणेची जागा मीटरमध्ये मोजत होतो.

गुरुजींनी विचारलं, मग म्हसोबा कुठे होता? आजींनी दिशा सांगितली नाही, वाट सांगितली. ‘पान्याला निगालं की पाणंद फुटायची. डाव्या हाताला बारव, उजव्या हाताला उतार. फुटायची तितंच, चिंचंखाली.’ उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. त्या वाटेने त्यांनी किती वर्षं घागरी वाहिल्या असतील. पुरुषांनी काढून दिलेल्या नकाशांत वेस होती, चावडी होती, पाणंद कुठेच नव्हती. त्यांचा त्या वाटेशी संबंधच नव्हता.

टोपोशीट पुन्हा काढली. तुटक रेषेची एक वाट गावठाणातून निघून नदीकडे जाताना खरोखर दुभागत होती. एक फाटा विहिरीच्या वर्तुळाकडे, दुसरा नदीपात्राकडे. इतके दिवस ती रेषा आमच्या डोळ्यांसमोर होती.

आता कुठे निवाड्यांची आठवण झाली. माहितीच्या अधिकारात अर्ज गेला. कागद यायला ठरल्या मुदतीपेक्षा बराच वेळ लागला. झाडांच्या यादीत पाणंदीला लागून असलेल्या एका सर्वे नंबरात मोठी चिंच एक, अशी नोंद निघाली. त्या नंबराची हद्द गाव नकाशावरून उचलली आणि टोपोशीटवरच्या फाट्याच्या जागेवर ठेवली. फाटा त्या नंबराच्या कोपऱ्यातच पडला. तलाठीबुवा कुणाला टोमणा न मारता म्हणाले, ‘बरं झालं.’

फाट्याभोवती ४० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. ते दोन्ही ढिगांच्या साधारण मधोमध आलं. दोन्ही ढीग वर्तुळाच्या थोडे बाहेर.

पूर्वेची लाल टिंबं

गावठाणाच्या पूर्वेला, मध्ये मोकळी जागा सोडून, शीटवर लाल टिंबांचा एक वेगळा पुंजका होता. भिंतीच्या पहिल्या कच्च्या आराखड्यात तो नव्हता. मुद्दाम गाळला असं मी म्हणणार नाही. काढणाऱ्या पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. एक प्रतिष्ठित गृहस्थ तर ‘गाव एकच होतं, ती टिंबं गोठे असतील’ असंही म्हणाले.

ती घरं होती. तिथल्या लोकांची मुलं-नातवंडं आज नव्या गावठाणात, बुद्धविहाराजवळच्या गल्लीत राहतात. गुरुजी आणि मी त्यांच्याकडे गेलो ते आराखडा जवळजवळ पक्का झाल्यावर. इतक्या उशिरा जाणं चुकलंच. एका आजोबांचं मत ठाम होतं: ‘महारवाडाच लिहा. आमची माणसं तितं जगली, मेली. नाव पुसलं तर ते बी पुसलं.’ त्यांचा पदवीधर नातू तेवढाच ठाम: रोज येता-जाता भिंतीवर ते नाव वाचायचं नाही. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे, मग आपण ते नव्याने कशाला रंगवायचं?

हा निर्णय माझा नव्हता, गुरुजींचाही नव्हता. आम्ही एवढंच केलं, की ग्रामपंचायतीत त्यावर चर्चा होऊ दिली नाही, गल्लीतच होऊ दिली. दोन बैठका झाल्या. ठरलं ते असं: भिंतीवर प्रत्येक घर काढायचं आणि ‘पूर्वेची वस्ती’ लिहायचं. शाळेत ठेवायच्या वहीत जुनं नाव, घरवार कुटुंबं आणि आजोबांचं सांगणं त्यांच्याच शब्दांत. घरांची संख्या निवाड्यातून मिळाली आणि शीटवरच्या टिंबांपेक्षा ती बरीच जास्त निघाली. या प्रमाणाच्या नकाशात घरं मोजून काढत नाहीत, वस्ती दाखवतात, एवढंच.

शेवटी काय झालं

भिंत रंगली. म्हसोबाच्या जागी टिंब नाही, एक पिवळसर वर्तुळ आहे. पेंटरला ते मुळीच पटलं नव्हतं. ‘देव गोल कसा काढायचा? कुठंतरी एक जागा सांगा की,’ असं त्याने तीनदा विचारलं. यात्रा समितीने वर्तुळ मान्य केलं. खालच्या आळीने कुरकुरत का होईना, पण आपला ढीग सोडला. वरच्या आळीतली काही घरं पुढच्या खोल मायनसमध्ये आपल्याच ढिगावर नारळ फोडणार आहेत, असं ती उघड सांगतात. त्या वर्षी पाणी तेवढं उतरलंच नाही, त्यामुळे वर्तुळात जाऊन चिंचेचं खोड किंवा पाणंदीचे दगड शोधायचे राहून गेले.

माझ्या दृष्टीने मोठी मिळकत शाळेतली वही. पाणंद, उतार, समाधी, धुण्याचे दगड, पूर्वेच्या वस्तीची वेगळी विहीर: यातलं निम्म्याहून जास्त कोणत्याच नकाशावर नाही. पण टोपोशीट समोर पसरल्याशिवाय ते कुणी सांगितलंही नसतं. आजींनासुद्धा ‘जुनं गाव कसं होतं?’ असं विचारल्यावर त्या ‘चांगलं व्हतं’ एवढंच म्हणाल्या होत्या. देवळाची खूण चुकीची वाचलेली ऐकली तेव्हाच त्यांचं तोंड उघडलं.

पुन्हा करायचं झालं तर

निवाड्यांचा अर्ज पहिल्या दिवशी करायचा. तो सगळ्यात हळू हलतो, म्हणून सगळ्यात आधी.

टोपोशीट हातात आल्यावर मधलं चित्र बघण्याआधी चारी बाजूंचा मजकूर वाचून काढायचा: सर्वेक्षणाचा हंगाम, छपाईचं साल, प्रमाण, रेषांमधलं अंतर. आणि डेटम तपासल्याशिवाय एकही स्क्रीनशॉट घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, मित्राकडेही नाही. माझ्या त्या एका चित्राने दोन आळ्यांत जी कटुता आली ती दुरुस्तीच्या चित्राने गेली नाही. उलट नकाशावाला आज एक सांगतो, उद्या दुसरं, हे मत पक्कं झालं.

आठवणीतले नकाशे गोळा करताना ‘गाव काढा’ असं सांगायचं नाही. पाण्याला कसे जायचात, मयत कुठून न्यायचे, गुरं कुठे बसायची, नदी कुठे ओलांडायचात, असं विचारायचं. आणि हे बायकांना वेगळं बसवून, पुरुषांच्या आधी. पूर्वेच्या वस्तीत तर सगळ्यात आधी जायला हवं होतं, आराखडा कोरा असताना.

‘वाद मिटेल’ या अपेक्षेवर काम घ्यावं का, याबद्दल गुरुजींचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, वाद होता म्हणूनच एवढी माणसं बैठकीला आली, नुसत्या इतिहासाला पाच जण आले असते. त्यात तथ्य आहे. मी मात्र पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी जमिनीवर साठ पावलं चालून दाखवीन आणि सांगेन, हे एवढं अंतर या कागदावर दिसत नाही.

कोरोना उपग्रहाचं छायाचित्र आता मागवलं आहे. त्यात चिंचेची सावली दिसेल अशी गुरुजींना आशा आहे.